रुकोंगे धक्क्यावरचे सकाळचे दोन

रुकोंगे धक्का, काट्याची शेड
गुरुवार, सकाळचे तीन (आपले तीन. यंत्राचे नऊ. यापुढे मी दोन्ही लिहिणार आहे, का ते पुढे कळेल.)

वडीलधारे बंधू आणि एकेकाळचे माझे हेडमास्तर, दादा अदेओदातुस यांस,

धाकटा भाऊ फिल्बर्ट याचा पाय धरून शिकामू. (म्वांझापर्यंत हात पोचत नाहीत, मध्ये अख्खं सरोवर आहे, तेव्हा पाय धरले असं समजून चालावं.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात उजवा होता, पण वहिनींच्या निरोपात डावा आला, म्हणून विचारतो. वहिनींनी मीठ कमी केलं का? आणि ती पळालेली कोंबडी परत आली का? शेजारच्या घरी चौकशी करावी, फक्त जेवणाच्या वेळी जाऊन करावी. इकडे माझी तब्येत उत्तम आहे. तुमची लेक कोकू सुखरूप आहे, तिची नोकरी शाबूत आहे आणि वजनाचा काटा शेडमध्ये जागच्या जागी टांगलेला आहे. एवढं आधी सांगून टाकलं, कारण गेले पंधरा दिवस यातल्या शेवटच्या दोन गोष्टी खात्रीने सांगता येत नव्हत्या. आता जीव भांड्यात पडला आहे. तुम्ही उभे असाल तर बसा, बसला असाल तर उठू नका, आणि वहिनींना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवताना मी खूण केली आहे तिथे खोकून पुढे जा.

तुम्हाला आठवत असेल, पाचवीत तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर धरून म्हणाला होता की ज्या नोंदीपुढे शेरा नाही ती नोंद मुकी. ते वाक्य मी एकतीस वर्षं या धक्क्यावर पाळत आलो. होडी कुणाची, मासा कुठला, वजन किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. दोन वर्षांपूर्वी कचेरीने लॅपटॉप पाठवला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की यात शेऱ्याचा रकाना आहे का. तो मनुष्य म्हणाला, "आहे, पण तो कुणी वाचत नाही." मी म्हटलं, मग तर उत्तमच! तेव्हापासून वजन कोकू करते, तिचं नाव त्या नोंदीवर पडतं, आणि यंत्रात भरायचं काम ज्येष्ठ म्हणून मी करतो. फक्त शनिवारी मी चर्चच्या गायनाला जातो (माझा खर्ज अजून आहे, खालच्या रांगेतल्या बायका सांगतात), तेव्हा भरण्याचं कामही कोकू करते. यंत्र विचारतं, किती वाजता? होड्या येतात त्या वेळी सूर्य उगवून दोन तास झालेले असतात, म्हणजे दोन वाजलेले असतात. हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक आहे, बकऱ्यांनाही ठाऊक असावं. मी लिहितो दोन. यंत्र विचारतं, सकाळ की संध्याकाळ? मी दाबतो सकाळ. यात कुणाला काही वावगं दिसतं का? मलाही दिसलं नाही.

तर पंधरा दिवसांपूर्वी मत्स्य खात्याच्या कचेरीतून एक मोठा कागद आला आणि शेडच्या दारावर चिकटवला गेला. त्याच्यावर आलेख होता, रंगीत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक धक्क्याचे खांब, कुठल्या वेळी किती किलो मासा तोलला जातो ते दाखवणारे. बाकीच्या धक्क्यांचे खांब हिरवे आणि दिवसाउजेडी उभे. आमचे लाल, आणि सगळे मध्यरात्रीनंतर एक ते तीनच्या मध्ये. आता रात्री वजन करायला बंदी आहे हे तुम्ही जाणता. रात्री तोलायचा तो लहान, अंडी न घातलेला मासा, जो उजेडात दाखवता येत नाही. खाली छापलं होतं की परवाच्या मंगळवारी चौकशी, आणि आरोप खरा ठरला तर रुकोंगेचा काटा काढून नेण्यात येईल व वजनदार कोकुशुबिरा अदेओदातुस यांना कामावरून कमी करण्यात येईल. (वजनदार हा हुद्दा आहे. वहिनींनी गैरसमज करून घेऊ नये.) आणि गंमत अशी, की शनिवारचे खांब तेवढे सकाळी आठला, चर्चच्या प्रार्थनेला आल्यासारखे शिस्तीत उभे होते. म्हणजे रुकोंगेची माणसं पाच दिवस चोर आणि शनिवारी सज्जन.

दादा, कागद रंगीत असला की माणूस विचार करायचं सोडून देतो. हाच आरोप कुणी येऊन तोंडी केला असता तर आम्ही त्याला कपड्यांसकट सरोवरात बुडवून काढला असता. पण खांब बघून मासळीवाल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काटा गेला तर माशाच्या पाट्या डोक्यावर घेऊन पलीकडच्या धक्क्यापर्यंत चार तास चालायचं, म्हणजे पोचेपर्यंत मासा माणसाच्या आधी ओळखू येणार. धक्क्याच्या समितीचे प्रमुख, वडीलधारे म्हणून सगळे ज्यांना 'ता' म्हणतात ते ता रुगेमालिरा, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या बायकोखेरीज कुणाला घाबरून दाखवलेलं नाही, तेसुद्धा मला बाजूला घेऊन म्हणाले, "फिल्बर्ट, तुझी पुतणी रात्री कुठे असते?" (इथे खोका.) मी म्हटलं, माझ्या घरात, पलीकडच्या खोलीत. आणि मग, दादा, मी एक गोष्ट केली जी मला आज लिहायलाही लाज वाटते. मी शेजारच्या म्हातारीला विचारलं, की रात्री आमच्या दाराची कडी वाजते का. एकतीस वर्षं मासे तोललेला मी, तुमच्या मुलीवर एका रंगीत खांबासाठी संशय घेतला. म्हातारीने अर्थातच ते संध्याकाळच्या आत कोकूला सांगितलं. रोज माझ्यापुढे येतो तो चहा तीन दिवस आला नाही, आणि मटोक्याची केळी शिजली ती मुद्दाम कच्ची.

मला वाटलं, मुलगी गप्प आहे म्हणजे काहीतरी आहे. खरंच काहीतरी होतं, पण ते काय हे कळायला मंगळवार उजाडावा लागला.

मंगळवारी चौकशीला कचेरीच्या लेमाबाई आल्या. किलिमांजारोकडच्या, चष्मा लावणाऱ्या, आणि चहात साखर नको म्हणणाऱ्या, तेव्हा त्यांच्याकडून दयेची अपेक्षा कुणी ठेवली नाही. शेडच्या भिंतीवर पडदा म्हणून ता रुगेमालिरांच्या घरची चादर लावली होती, मोठ्या पिवळ्या फुलांची, त्यामुळे आमचे लाल खांब त्या फुलांमधून उगवल्यासारखे दिसत होते. शेडभर माणसं. लेमाबाईंनी काठी हातात घेतली आणि माऊस माझ्याकडे दिला, "सांगेन तेव्हा पुढचं पान काढा." मग पंधरा मिनिटं खांबांवर काठी आपटून त्यांनी आमच्या पापांचं वर्णन केलं. "शनिवारी तुम्हाला देव आठवतो," त्या म्हणाल्या, "आणि सोमवारी तो सुट्टीवर जातो का?" कोकू काट्याजवळ उभी होती, हात मागे बांधून, तुम्ही शाळेत शिक्षा ऐकताना उभं करायचा तशी. मला ते बघवेना. आणि तेव्हा, दादा, मी धीर एकवटला, मनाशी म्हटलं की प्रत्येक खांबाच्या पोटात काहीतरी असणारच, आणि दोन वाजताच्या सगळ्यात उंच खांबावर दोनदा टिचकी मारली.

खांब नाहीसे झाले. चादरीवर ओळीच ओळी आल्या, ज्यांच्यापासून तो खांब बनला होता त्या नोंदी. होडी, मासा, किलो, वेळ. लेमाबाई म्हणाल्या, "हे काय केलंत? बंद करा." पण मागून पास्काझियाबाई उठल्या. पास्काझियाबाई डगा मासळी वाळवतात, आणि त्या उठल्या की शेड लहान होते. म्हणाल्या, "थांबा हो बाई. तिसरी ओळ. ती माझ्या नवऱ्याची होडी आहे. रात्री दोनला डगा तोलला म्हणे!" मग नवऱ्याकडे वळून, "अहो, रात्री दोनला तुम्ही किनाऱ्यावर होता?" तो बिचारा म्हणाला, रात्री दोनला मी सरोवराच्या मध्यावर दिवा धरून बसलेला असतो, गेली वीस वर्षं. "मग दोनला इथे कोण होतं?" पास्काझियाबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही इथे होता तर घरी का आला नाहीत?" तिथून ते भांडण जे लागलं ते चौकशीच्या विषयात बसणारं नव्हतं, पण त्यातून एक मुद्दा निघाला: सरोवरात असलेली होडी त्याच वेळी काट्यावर असू शकत नाही. पास्काझियाबाई म्हणाल्या, "हे लिहिलं कुणी, ते दाखवा!"

लेमाबाई हुशार आहेत. त्यांनी माझ्याकडून माऊस घेतला आणि म्हणाल्या, यातले काही रकाने झाकलेले असतात, हवे ते उघडता येतात. बाजूला एक यादी निघाली, नावापुढे बरोबरची खूण केली की तो रकाना पडद्यावर येतो, काढली की जातो, आणि धरून ओढला की पुढेमागेही सरकतो. त्यांनी 'नोंद भरणारा' वर खूण केली. तेव्हा कोकू पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाई, राहू द्या ना. माझं नाव आहे त्याच्यावर, जे लिहायचंय ते माझ्याबद्दल लिहा. बाकी उघडू नका." मी मनाशी म्हटलं, संपलं, पोरगी कबूल होतेय. लेमाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि आणखी एक खूण केली. शेरा.

दादा, जे कुणीही वाचत नाही म्हणून सांगितलं होतं ते त्या दिवशी पिवळ्या फुलांच्या चादरीवर हातभर अक्षरात साठ माणसांनी वाचलं. (इथे पुन्हा खोका, आणि या वेळी बराच वेळ.) "हवा छान." ठीक. "तपासणी झाली. झाली नाही, पण साहेब जेवून गेले." लेमाबाईंनी घसा साफ केला. "ता रुगेमालिरा यांनी समितीच्या नावावर आज तिसरा सोडा प्यायला." ता उठून बाहेर गेले, हवा खायला. "पास्काझियाबाईंच्या आग्रहावरून त्यांना काट्यावर उभं केलं. ब्याण्णव भरल्या. ऐंशी सांगितलं." यावर शेडचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं, आणि पास्काझियाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मी एकतीस वर्षांत प्रथमच सरोवराच्या खोलीचा अंदाज घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण नंतर लेमाबाईंनी रकाने सरकवले, भरणाऱ्याच्या नावाप्रमाणे ओळी लावल्या, आणि सगळे दोन, सगळे एक, सगळे तीन, एकूण एक, 'फि.' या अक्षरापुढे जाऊन बसले. आठ जे होते ते सगळे 'को.' पुढे. फि. म्हणजे मी. आणि को. च्या शनिवारच्या ओळींपुढे तिचे शेरे होते. लेमाबाईंनी ते मोठ्याने वाचले. हसणं थांबत गेलं.

"काकांचे सकाळचे दोन म्हणजे यंत्राचे आठ. यंत्र मध्यरात्रीपासून मोजतं. काकांना सांगितलं." पुढच्या शनिवारी: "पुन्हा सांगितलं. म्हणाले, मला घड्याळ शिकवू नकोस." त्याच्या पुढे: "सांगितलं. रागावले. जेवले नाहीत." असे सतरा शेरे, दादा, मी मोजले. आणि शेवटचा, मागच्या वर्षीच्या सुगीतला: "आता सांगत नाही. काकी गेल्यापासून त्यांना बोलायला माझ्याशिवाय आहे कोण."

तेव्हा कळलं, पोरगी पंधरा दिवस गप्प का होती. माझ्या पेन्शनीला चार महिने उरलेत. चूक माझी निघाली असती तर ती पेन्शनीला चिकटली असती, म्हणून ती स्वतःवर घेऊन काट्याजवळ उभी राहिली होती, आणि मी इकडे म्हातारीकडे तिच्या दाराच्या कडीची चौकशी करत होतो. मी उठलो. मला भाषण करायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "बाई, फि. मीच." खाली बसलो तो खुर्चीच्या कडेवर बसलो.

लेमाबाईंनी चष्मा काढला आणि हसायला लागल्या, अशा हसल्या की चहात साखर न घेणारी बाई ही नव्हे असं वाटलं. म्हणाल्या, "माझी आई मला रोज फोन करते, म्हणते, पोरी, दोन वाजले, अजून कामावर गेली नाहीस? आणि मी हे खांब तीन आठवडे बघत बसले, माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही!" कोकूला म्हणाल्या, "ये इकडे, दुरुस्त करून दाखव." कोकूने मूळ नोंदींना हात लावला नाही (मूळ नोंद खोडायची नाही, हे तिला तुमच्याकडूनच आलं), बाजूला एक नवा रकाना काढला, भरणारा फि. असेल तर वेळेत सहा तास मिळवा असं लिहिलं, आणि आलेखाला सांगितलं की आता या रकान्यावरून खांब काढ. आणि दादा, ते लाल खांब रात्रीतून उचलले गेले आणि सकाळी जाऊन उभे राहिले, सगळ्यांबरोबर, हिरवे होऊन. पास्काझियाबाईंनी अशी आरोळी ठोकली की बाहेरून ता रुगेमालिरा काटा पडला समजून धावत आत आले.

नंतर भाजलेले नाकतोडे, म्हणजे आपले सेनेने, निघाले, सोडा निघाला (ता रुगेमालिरांनी स्वतःच्या खिशातून दिला आणि मला म्हणाले, "हा पण लिही"), आणि लेमाबाईंनी नाकतोडे खात नाही म्हणत म्हणत अर्धी टोपली संपवली. माझा शेऱ्याचा रकाना त्यांनी चालू ठेवायला सांगितला आहे, फक्त साहेबांच्या जेवणाची ओळ कागदावर छापून द्या म्हणाल्या. घरी आल्यावर मी कोकूपुढे उभा राहिलो. म्हटलं, पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला. मला माफ कर. ती म्हणाली, "काका, चहा गार होतोय." चहा होता, दादा. पुढ्यात. दोन चमचे साखर घालून. मी तो उभ्यानेच प्यायलो आणि नंतर मागच्या केळीच्या बागेत जाऊन थोडा रडलो. वय झालं की डोळे असे गळतातच.

वहिनींना शिकामू, कोंबडीला आशीर्वाद (जिवंत असल्यास), आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना माझा वेगवेगळा नमस्कार.

तुमचा पाचवीतला सगळ्यात मंद आणि आज सगळ्यात सुखी विद्यार्थी,
फिल्बर्ट

ता.क. वर मी धीर एकवटून खांबावर टिचकी मारली असं लिहिलं आहे. खरं म्हणजे माऊसवर माशी बसली होती, तिला मारायला गेलो. हे वहिनींना सांगायची गरज नाही.

ता.क. २. पत्र लिहायचं खरं कारण असं. लेमाबाईंनी कोकूला बुकोबाच्या कचेरीत बोलावलं आहे, सगळ्या धक्क्यांच्या नोंदी तपासायला. चांगली जागा आहे. पोरगी जायचं नाव काढत नाही, कारण मागे मीच तिला सांगितलं होतं की मुलीने शहरात एकटं राहणं तुझ्या बापाला चालणार नाही. तुम्ही असं कधी म्हणाला नव्हता. ते मी म्हटलं होतं, मला ती इथे हवी होती म्हणून. तेव्हा कृपा करून तिला होकाराचं पत्र लिहा, कडक अक्षरात. मी सांगितलं म्हणून लिहिलंत असं दाखवू नका.

ता.क. ३. माझी काळजी करू नका. मटोके मला शिजवता येतात. निदान उकळता येतात.

शेरा (को.): बाबा, काकांनी हे पत्र मला पोस्टात टाकायला दिलं. पाकीट उघडं होतं. (नव्हतं. किटलीच्या वाफेवर उघडलं.) तुमचा होकार मला काल फोनवर मिळाला हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तरी पत्र पाठवा, आधी चार ओळी रागावून आणि मग होकार. ते आठवडाभर सगळ्या धक्क्याला दाखवत फिरतील की बघा, भावाला मी वळवलं. त्यांच्या पेन्शनीपर्यंत मी इथेच थांबते असं लेमाबाईंना कळवलं आहे, तेही त्यांना कळू देऊ नका. आणि वर काकांनी वेळ दोन्ही घड्याळांत बरोबर लिहिली आहे. तपासली.